नव्या एचडी कॅमेऱ्यातला निळा ठिपका, पट्टे आणि मुंग्या: परत करण्याआधी एवढं बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. दोन आठवड्यांपूर्वी एक इंची सेन्सरचा नवा कॅमकॉर्डर घेतलास. पहिली ऑर्डर हळदीची, रात्री, मंगल कार्यालयाच्या मागच्या पटांगणात. घरी येऊन मोठ्या टीव्हीवर लावलंस तर चार भानगडी दिसल्या: अंधाऱ्या भागात मुंग्या (सतत वळवळणारे बारीक दाणे), मागच्या पांढऱ्या कापडावर सरकणारे काळसर पट्टे, फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की अर्धंच चित्र पांढरं, आणि उजव्या वरच्या कोपऱ्याजवळ एक निळा ठिपका, जो काही केल्या जागचा हलत नाही. तू विचारतोस, "दादा, पीस डिफेक्टिव्ह आलाय का? परत करू का?"

पहिल्या तीन गोष्टींत कॅमेऱ्याची चूक नाही. चौथ्यात असू शकते. पण ज्या गोष्टीची तपासणी करायला हवी होती ती सोडून तू पट्ट्यांवरून दुकानदाराशी भांडून आलास. दुकानदाराने तुझ्यासमोर ट्यूबलाइटखाली कॅमेरा लावला, पट्टे दिसले नाहीत आणि तू खोटा पडलास. आता ठिपक्याची तक्रार घेऊन गेलास तरी तो आधी हसेल. म्हणून या वेळी पुरावा घेऊन जायचं.

मी १९९८ पासून सांगली-कराड पट्ट्यात लग्नाची शूटिंग करतोय. सुरुवात खांद्यावरच्या व्हीएचएसने. नवीन कॅमेरा आला की पहिल्या महिन्यात आपण फसलो असं वाटतंच, दर वेळी. कारण साधं आहे. जुन्या पाल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आतबाहेर पिक्सेल. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. बरोब्बर पाचपट. शिवाय तेव्हा बघायचो २१ इंची टीव्हीवर, आता पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, हॉलमध्ये ५५ इंची असतो. जुना कॅमेरा दोष झाकून घ्यायचा, नवा चव्हाट्यावर मांडतो. लाइट वाईट असेल, हात हलत असेल, फोकस चार बोटं मागे असेल, सगळं दिसतं.

आता मुद्द्यावर. चित्रात काहीही खटकलं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: डाग फ्रेमला चिकटलाय की दृश्याला? कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरव. डाग दृश्याबरोबर वाहत गेला तर तो समोरच्या जगातला आहे, लाइटचा किंवा कापडाचा. डाग पडद्यावर आहे तिथेच राहिला आणि त्याच्याखालून मंडळी सरकत गेली, तर तो कॅमेऱ्यातला किंवा टीव्हीतला. टीव्हीतला आहे का हे कळायला दुसरी कुठलीही फाईल लाव. आणि डाग क्षणभर येऊन चौकोन चौकोन पाडून निघून जात असेल, तर तो सेन्सरचाही नाही; कार्डाचा, रेकॉर्डिंगचा किंवा दमलेल्या कॉम्प्युटरचा आहे. तीच क्लिप कॅमेऱ्यातूनच एचडीएमआय वायरीने टीव्हीवर लावून बघ. तिथे स्वच्छ असेल तर कॅमेऱ्याला दोष देऊ नकोस.

या चाचणीत एक खोच आहे, तिथे माझ्यासकट भलेभले फसलेत. इलेक्ट्रॉनिक स्टेबिलायझर चालू असेल तर कॅमेरा सेन्सरवरचं चित्र थोडं कापून ते सतत इकडेतिकडे सरकवत असतो. मग सेन्सरवर खिळलेला ठिपकाही पडद्यावर नाचायला लागतो, आणि आपण म्हणतो, हा हलतोय, म्हणजे सेन्सरचा नाही. तपासणी करताना स्टेबिलायझर बंद, डिजिटल झूम बंद, कॅमेरा स्टँडवर.

तुझा निळा ठिपका. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे उजेड पडला की भरणारी एक छोटी वाटी समज. काही वाट्या गळक्या असतात, पण उलट्या अर्थाने: उजेड नसतानाही त्यांच्यात आपोआप विजेचा भार साठतो. असा पिक्सेल काळ्या पार्श्वभूमीवर चमकतो. त्याला हॉट पिक्सेल म्हणतात. तो निळा का? तुझ्या कॅमेऱ्यात एकच सेन्सर आहे, आणि त्यावर पिक्सेलगणिक लाल, हिरव्या, निळ्या काचांची बारीक जाळी बसवलेली असते. गळका पिक्सेल निळ्या काचेखालचा असेल तर ठिपका निळा. आजूबाजूचे रंग काढताना कॅमेरा याच चुकीच्या आकड्याचा आधार घेतो, म्हणून एका पिक्सेलचा दोष पडद्यावर दोन-तीन पिक्सेलांचा फुलीसारखा डाग होतो. वर रेकॉर्डिंगचं कॉम्प्रेशन त्याला आणखी पसरवतं.

ही गळती उष्णतेने वाढते, साधारण दर सहा ते आठ अंशांना दुप्पट. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस अंश, वरून कॅमेरा तीन तास चालू. आत किती तापत असेल बघ. थंड कॅमेऱ्यात न दिसलेला ठिपका वरातीच्या वेळी उगवतो, तो म्हणूनच. गेन, म्हणजे कमी उजेडात चित्र उजळवायला सेन्सरचा संकेत वाढवण्याची सोय, वाढवला की ठिपकाही वाढतो, कारण चित्राबरोबर तोही मोठा केला जातो.

तर तपासणी अशी कर. लेन्सला झाकण लाव. सगळं मॅन्युअल: शटर (एका फ्रेमला उजेड घेण्याची वेळ) १/५० सेकंद, आयरिस (लेन्समधली उजेडाची झडप) बंद, गेन शून्य डीबी, म्हणजे डेसिबल. दोन मिनिटं रेकॉर्ड कर. मग गेन ९, मग १८, प्रत्येकी दोन मिनिटं. आता कॅमेरा अर्धा तास चालू ठेव आणि तेच पुन्हा कर. रात्री खोलीतले दिवे घालवून टीव्हीवर बघ, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून. पहिल्यांदा बघशील तेव्हा पोटात गोळा येईल, कारण १८ डीबीला तापलेल्या कॅमेऱ्यात चार-दोन ठिपके बहुतेकांच्या कॅमेऱ्यात सापडतात. त्याने घाबरायचं नाही. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या पुस्तिकेतच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की जास्त गेनला आणि गरम हवेत असे ठिपके दिसू शकतात आणि तो बिघाड धरला जाणार नाही. पण शून्य डीबीला, १/५० ला, थंड कॅमेऱ्यात निळा ठिपका स्पष्ट दिसत असेल, तर नव्या कॅमेऱ्यात मी तो खपवून घेणार नाही.

दुकानात जाण्याआधी अजून एक पायरी. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत यावर औषध दिलेलं असतं. सोनीच्या व्यावसायिक कॅमकॉर्डरमध्ये ते एपीआर नावाने आहे, पॅनासॉनिकच्या लुमिक्समध्ये पिक्सेल रिफ्रेश, आणखी काहींत पिक्सेल मॅपिंग. मोठ्या कॅमेऱ्यांत ब्लॅक बॅलन्स (काळ्याची पातळी जुळवणं) करतानाही हे काम होतं. कॅमेरा स्वतःच काळं चित्र घेतो, त्यात कोण चमकतंय ते बघतो, त्या पिक्सेलांची यादी करतो आणि पुढे त्यांच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी भरतो. ठिपका बरा होत नाही, झाकला जातो. लोक चूक करतात ती एवढीच की थंड कॅमेऱ्यावर हे चालवतात. थंड असताना तो पिक्सेल पुरेसा चमकत नाही, यादीतून निसटतो, आणि आपण म्हणतो की या सोयीचा काही उपयोग नाही. अर्धा तास चालवून, झाकण लावून, मग मेनूतली आज्ञा दे. ठिपका हट्टी असेल तर दोनदा.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या एका कॅमेऱ्यात मधोमध, जरा वर, पांढरा ठिपका होता. मी व्ह्यूफाइंडरमध्ये बघितलाच नाही; साडेतीन इंची पडद्यावर एक ठिपका कुठे दिसणार? पार्टीच्या घरी सगळे जमले, कॅसेट गेली होती, पेन ड्राइव्हचा जमाना होता, लावलं. मंगलाष्टकं चालू, गुरुजींचा जवळून शॉट. आजी चष्मा वर सारून म्हणाल्या, "अगंबाई, भटजींनी नाकात चमकी कधी घातली?" हॉलभर हशा. पुढच्या शॉटला तीच चमकी नवऱ्या मुलाच्या मुंडावळीत, मग मामांच्या कपाळावर, मग अंतरपाटावर. लोक ठिपकाच शोधायला लागले. मी पंधराशे रुपये कमी घेतले आणि सर्व्हिस सेंटरच्या तीन चकरा मारल्या. तिथल्या माणसाने प्रत्येक वेळी उजेडात कॅमेरा लावून बघितला आणि "कुठं काय दिसतंय?" म्हणून परत दिला. चौथ्या वेळी मी टोपी लावलेल्या लेन्सची क्लिप घेऊन गेलो. दहा मिनिटांत काम झालं.

शूट झालेल्या हळदीचं काय, हेही तू विचारशीलच. ठिपका मिक्सिंगमध्ये, म्हणजे एडिटिंगमध्ये, निघतो. डाविंची रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीत यासाठी वेगळी सोय आहे. ती नसेल तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हा जुगाड चालतो: तीच क्लिप वरच्या ट्रॅकवर पुन्हा ठेव, चार-पाच पिक्सेल बाजूला सरकव, आणि ठिपक्याएवढा गोल मास्क मारून बाकीची क्लिप अदृश्य कर. कडा थोड्या मऊ ठेव. शेजारचा भाग ठिपक्यावर ठिगळासारखा बसतो. ठिपका जागचा हलत नाही, त्यामुळे ठिगळ एकदाच मारायचं आणि सगळ्या क्लिपांना डकवायचं. फक्त स्टेबिलायझर चालू होता ते शॉट हाताने करावे लागतील. बस रडत.

काळा, धूसर, गोल डाग असेल तर तो हॉट पिक्सेल नव्हे, ती धूळ. आयरिस जेवढा बंद करशील तेवढा तो ठळक होतो, उघडलास की विरघळतो. बाहेरच्या काचेवर असेल तर फुंकणीने निघेल. तोंडाने फुंकू नकोस, थुंकी उडते. आत असेल तर स्वतः काही उघडू नकोस.

आता पट्टे. इथे मला तुझा थोडा राग आला, कारण उत्तर तू पाठवलेल्या क्लिपमध्येच होतं. फाईलच्या माहितीत फ्रेम रेट ५९.९४ आहे. म्हणजे कॅमेरा तू खोक्यातून काढलास तसाच, ६० हर्ट्झच्या अमेरिकन सिस्टिमवर, चालवलास. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ती सेकंदाला पन्नासदा पुढे-मागे होते, आणि प्रत्येक फेरीत दिवा दोनदा उजळतो-मंदावतो, म्हणजे सेकंदाला शंभर ठोके. डोळ्याला ते कळत नाहीत. सेन्सरला कळतात, कारण तो चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत येतो. शटर १/१०० असेल तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला बरोबर एक ठोका येतो, १/५० असेल तर दोन. सगळ्यांना सारखा वाटा, पट्टा नाही. शटर १/६० झालं की वाटा पावणेदोनाच्या जवळपास. कुणाला ठोक्याची उतरती बाजू दोनदा मिळते, कुणाला चढती. कमी मिळालेल्या ओळी काळ्या. हाच तुझा पट्टा.

फ्रेम २५ किंवा ५० असत्या तर तोच पट्टा जवळजवळ जागेवर उभा राहिला असता, कारण प्रत्येक फ्रेम ठोक्याच्या त्याच टप्प्यावर सुरू होते. तुझे पट्टे धावत होते, तेव्हाच मला ६० चा संशय आला. दुकानातल्या ट्यूबलाइटला इलेक्ट्रॉनिक चोक असेल, तो हजारोंच्या गतीने ठोके देतो, म्हणून तिथे काही दिसलं नाही आणि दुकानदार जिंकला.

मेनूत सिस्टिम फ्रिक्वेन्सी ५० कर. कॅमेरा बंद-चालू होईल, कदाचित कार्ड फॉरमॅट करायला सांगेल, म्हणून आधी हळदीच्या फाईल काढून ठेव. मग शटर हाताने १/५०. ऑटो शटर लग्नात कधीच नाही. परदेशातून भाच्याने, मेहुण्याने आणलेला कॅमेरा असेल आणि त्यात ५० ची सोयच नसेल, तरी घाबरायचं कारण नाही: फ्रेम ६० असताना शटर १/१०० धर, ३० असताना १/५० किंवा १/१००. पट्टे शटरच्या वेळेवर अवलंबून आहेत, फ्रेमच्या आकड्यावर नाहीत. (त्या कॅमेऱ्याला इथे वॉरंटी मिळते का, हे मात्र घेण्याआधी विचारायचं होतं.)

एवढं करूनही गावाकडच्या कार्यालयात पट्टे येतात, तेव्हा बाहेर जाऊन जनरेटर चालू आहे का ते बघ. डिझेल कमी-जास्त झालं की त्याची गती ५० वर टिकत नाही, ४८ होते, ५१ होते, आणि फिकट पट्टे हळूहळू सरकायला लागतात. अशा वेळी कॅमेऱ्यात क्लिअर स्कॅन किंवा सिंक्रो स्कॅन असेल तर शटर बारीक पावलांनी पुढे-मागे करून पट्टा नाहीसा होतो तिथे थांब. स्वस्त एलईडी फ्लडलाइटांचं दुखणं वेगळं. त्यांच्या आतल्या सर्किटमध्ये वीज नीट गाळलेली नसते, म्हणून ते हॅलोजनपेक्षा कितीतरी जास्त लुकलुकतात. हॅलोजनची तार तापलेली राहते, ठोक्यांच्या मध्ये विझत नाही. आम्ही सनगन (हातातला हॅलोजन दिवा) घेऊन फिरायचो तेव्हा घाम निघायचा, पण पट्टा कधी बघितला नाही. आता कार्यालयात पोचलो की चहाआधी एक काम करतो: स्टेजच्या लाइटखाली हातातलं पेन झपाझप हलवतो. सलग धूसर पट्टी दिसली तर ठीक. तुटक तुटक दहा पेनं दिसली की लाइट वाईट, आणि लाइटमनला गोडीत घेऊन तेवढे दोन दिवे मागे सारायचे. डिमरवर असतील तर पूर्ण सोडायला सांगायचे. मंद केलेला एलईडी आत सतत बंद-चालू होत असतो.

स्टेजमागची एलईडी वॉल हे नवं लचांड. तिच्यावर फोकस गेला की पट्टे तर येतातच, वर लहरी लहरींचा मोअरे उठतो, कारण वॉलच्या ठिपक्यांची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर पडते. बारीक रेघांच्या शर्टावर होतं तेच. जोडप्याला वॉलपासून आठ-दहा फूट पुढे उभं करायला सांग, आयरिस मोकळा ठेव, मागची वॉल धूसर होऊ दे. कुणी ऐकत नाही, पण सांगायचं.

फ्लॅशचं अर्धं पांढरं चित्र हे त्याच ओळी-ओळीने वाचण्याचं दुसरं रूप. फ्लॅश हजाराव्या हिश्शात येऊन जातो. ज्या ओळी त्या क्षणी उघड्या होत्या त्या पांढऱ्या, बाकीच्या नाहीत. खालचा अर्धा एका फ्रेममध्ये, वरचा अर्धा पुढच्या. यावर माझ्याकडे उपाय नाही. जुन्या सीसीडी जातीच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात हे नव्हतं, पण तिथे दिवा फ्रेममध्ये आला की वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ यायची, ती विसरलास का? तू तेव्हा शाळेत असशील. शटर १/५० ठेवलं की फरक जरा कमी जाणवतो. मंगळसूत्राच्या शॉटला सतराजण फ्लॅश मारणारच.

मुंग्यांबद्दल मात्र बरंच बोलायचंय, कारण इथे पैसे खर्च न करता सगळ्यात जास्त सुधारणा होते. गेन सहा डीबीने वाढला की संकेत दुप्पट. १८ डीबी म्हणजे आठपट, २४ म्हणजे सोळापट. कॅमेरा अंधारात हे स्वतःच करतो, तुला न विचारता, आणि चित्राबरोबर मुंग्याही सोळापट करून देतो. मेनूत गेनची मर्यादा ठरवता येते. ती १२ वर बांध. त्यापुढे चित्र काळं पडलं तर पडू दे, तेव्हा तुला कळेल की लाइट हवाय.

आणि झूम. तुझ्या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्सवर एफ २.८ ते ४.५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा वाइडचा, दुसरा पूर्ण झूमचा. २.८ वरून ४.५ वर जाताना उजेड अडीचपटींहून जास्त घटतो. तू मागे खुर्च्यांजवळ स्टँड लावून नवरीच्या गालावरची हळद झूम करून घेतलीस, कॅमेऱ्याने गेन वाढवून उजेड भरून काढला आणि चेहराभर मुंग्या आल्या. पायांनी जवळ जा. बायका ओरडतील, "ओ शूटिंगवाले, मागं व्हा", तरी जा, शॉट घे, मागं हो.

मुंग्यांचा दुसरा त्रास कुणी सांगत नाही. एव्हीसीएचडी या रेकॉर्डिंगच्या प्रकारात सगळं चित्र सेकंदाला २४ किंवा फार तर २८ मेगाबिटमध्ये कोंबायचं असतं. मुंग्या प्रत्येक फ्रेमला वेगळ्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने सगळ्या फ्रेमभर सतत काहीतरी नवं घडतंय. तो बिचारा त्यांच्यावरच बिट उधळतो आणि चेहऱ्याला काही उरत नाही. मग गाल मेणाचे, केस लिंपल्यासारखे. हे सगळ्यात भयंकर दिसतं ते "शुभमंगल सावधान" झाल्या क्षणी. हजारो अक्षता एकदम हवेत, प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने, ताशा सुरू, कॅमेराही हललेला. तो एक सेकंद थांबवून बघ: नवरा-नवरीचे चेहरे चौकोन चौकोन झालेले असतात, नेमके ज्या सेकंदासाठी तुला बोलावलं होतं. तुझ्या कॅमेऱ्यात ५० किंवा १०० मेगाबिटचा पर्याय असेलच. तो लाव. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, व्ही३० लिहिलेलं कार्ड तीस झेपवतं, भरपूर झालं. कार्ड मात्र खरं हवं. बनावट कार्डांवर छापलेलं काहीही असतं. नवं कार्ड आणलं की एच२टेस्टडब्ल्यूसारख्या प्रोग्रामने एकदा पूर्ण भरून तपासल्याशिवाय लग्नात नेऊ नकोस.

अजून एक, तू विचारलं नाहीस पण विचारशील. लाल शालूची कड हिरव्या काठापाशी दातेरी, ओघळल्यासारखी दिसेल. तो बिघाड नाही. बहुतेक एचडी रेकॉर्डिंगमध्ये उजेडाची माहिती पूर्ण १९२० गुणिले १०८० मध्ये ठेवतात, पण रंगाची फक्त ९६० गुणिले ५४० मध्ये. एरवी डोळ्याला फसवता येतं, गडद लालाला नाही. रंग वाढवलेले, कडा धारदार केलेले असतील तर अजून वाईट. मेनूत डीटेल दोन-तीन पायऱ्या खाली आण, कलरही एक पायरी. टीव्ही व्हिव्हिड मोडवर आणि शार्पनेस शंभरवर असेल तर तो आधी उतरव. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दिवसाउजेडी एकदा लेन्सही तपासून घे, कारण वॉरंटी चालू आहे तोवरच याचा उपयोग. पूर्ण झूम करून लांबच्या विजेच्या खांबावर फोकस लाव आणि फोकसला हात न लावता हळूहळू वाइड ये. खांब मध्येच धूसर झाला तर लेन्सची जुळणी बिघडलेली आहे. मग विटांच्या भिंतीसमोर सरळ उभा राहा: चारही कोपरे सारखे थोडे मऊ असतील तर चालतं, पण डावी बाजू करकरीत आणि उजवी मेणचट असेल तर लेन्स वाकडी बसली आहे. ती मेनूतून सुधारत नाही. आणि उन्हात आयरिस एफ ११ पर्यंत बंद करू नकोस, छोट्या सेन्सरवर सगळंच चित्र मऊ पडतं आणि तू पुन्हा लेन्सला दोष देशील. एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, त्यासाठीच दिलाय.

आता परत करायचा की नाही. आज रात्री झाकण लावून चाचणी कर. अर्धा तास तापवून पिक्सेल रिफ्रेश दोनदा चालव, पुन्हा चाचणी कर. ठिपका शून्य डीबीला गेला असेल तर कॅमेरा ठेव आणि विसर. राहिला असेल तर कापाकापी न केलेली मूळ क्लिप पेन ड्राइव्हवर घे, शून्य डीबी, शटर, तारीख एका कागदावर लिही, बिल आणि खोकं घेऊन जा. ऑनलाइन घेतला असतास तर बदलीची मुदत बहुधा उलटून गेली असती. दुकानातून घेतलास ते बरं झालं, पण आता वॉरंटीतून काम होईल, नवा पीस मिळेलच असं नाही. अर्ज दिलास की पोच घे, सही-शिक्क्याची. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पट्ट्यांचा विषय काढू नकोस, मुंग्यांचा तर अजिबात नको. फक्त ठिपका.

आणि रविवारच्या लग्नाला हाच कॅमेरा न्यायचा असेल तर ५० हर्ट्झ, शटर १/५०, गेनला १२ चं बंधन, एवढं शनिवारीच करून ठेव. ठिपका निघाला नसेल तर जुना कॅमेरा ने, आणि हा मामाच्या पोराला देऊन पंगतीकडे लाव. तिथे उजेड असतो.